याशिका मॅट १२४ जी: सेल शोधण्यापासून निगेटिव्ह हातात येईपर्यंत

घरात कुणाचातरी जुना फिल्म कॅमेरा पडलाय, चालतो का नाही ठाऊक नाही, चालला तरी त्यावरचे आकडे कुठे लावायचे ते ठाऊक नाही, आणि एका रोलचा भाव ऐकल्यावर तर हात लावायचीच हिंमत होत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी दिवाळीपासून पार पावसाळ्यापर्यंत या भानगडीत होते. आता एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा तो हिशोब) लावताना पोटात गोळा येत नाही इतपत जमलंय, त्यामुळे विसरायच्या आत लिहून टाकते.

कॅमेरा याशिका मॅट १२४ जी. जपानी, १९७० ते १९८६ या काळात बनायचा. वर एक खाली एक अशी दोन भिंगं, वरच्यातून आपण बघायचं आणि खालच्यातून फोटो निघतो. छातीशी धरून वरून काचेत बघायचं, आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे पहिले काही दिवस माणूस फ्रेममध्ये आणायला जाल तेवढा तो बाहेर पळतो. १२० नंबरची रुंद फिल्म, चौकोनी फोटो, एका रोलमध्ये फक्त बारा. माझ्या मामांचा वाईला फोटो स्टुडिओ होता, लग्नं-मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं याच्यावर. स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला. दिवाळीत गेले तेव्हा माळ्यावरची पेटी खाली काढली होती, म्हटलं, "मामा, हा मी नेऊ?" तर म्हणाले, "ने की. पण नुसता शोकेसमध्ये ठेवणार असशील तर नको नेऊस."

झालं, आता फोटो काढणं भाग होतं.

पुण्याला आल्यावर आधी नुसतं निरखून बघितलं. दोन भिंगांच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन छोटी चाकं आहेत, अंगठ्याने फिरवायची. एका चाकाने शटरचा वेग बदलतो, म्हणजे उजेड किती वेळ आत येणार ते, दुसऱ्याने अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक. वरच्या भिंगाच्या डोक्यावर एक इवलीशी खिडकी आहे, तिच्यात दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिसतात, म्हणजे कॅमेरा उलटासुलटा करून बघावा लागत नाही. शटर १ सेकंदापासून १/५०० पर्यंत, वर बी म्हणजे दाबून धराल तोवर उघडं. अ‍ॅपर्चर ३.५, ४, ५.६, ८, ११, १६, २२, ३२. हे आकडे बघून मी गांगरले होते कारण त्यात काही तर्कच दिसेना. मग लक्षात आलं की एक सोडून एक वाचायचं: ४, ८, १६, ३२ आणि मधले ५.६, ११, २२, दुप्पट दुप्पट. ४ पासून पुढे प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो, आणि आकडा मोठा म्हणजे भोक लहान. शटरचं सोपं आहे, १२५ (म्हणजे १/१२५ सेकंद) वरून २५० केलं की वेळ निम्मा. म्हणजे १२५ ला ११ आणि २५० ला ८, दोन्हींत फिल्मवर उजेड तेवढाच पडतो. या एका पायरीला सगळे स्टॉप म्हणतात. एक्स्पोजरचं गणित एवढंच आहे हो, बाकी सगळी कटकट उजेड किती आहे हे ठरवण्याची.

ते ठरवायला कॅमेऱ्यात मीटर आहे. वरचं झाकण उघडलं की चालू होतो, बंद केलं की बंद. त्यात दोन काटे: एक उजेडाप्रमाणे हलतो, दुसरा तुमच्या चाकांप्रमाणे, आणि दोन्ही एकावर एक आले की एक्स्पोजर बरोबर, असा हिशोब. माझ्या कॅमेऱ्यात पहिला काटा ढिम्म. सेलचं झाकण नाण्याने उघडलं तर आत हिरवट पावडर. इअरबडला व्हिनेगर लावून संपर्क पुसला, मग स्पिरिटने पुसून वाळवला. हे घरी जमतं, घाबरायचं कारण नाही, फक्त कापूस चिंब नको, जरासा ओलसर पाहिजे.

आता सेल. यात मूळचा सेल पाऱ्याचा, पीएक्स ६२५ नावाचा, १.३५ व्होल्टचा. पाऱ्यामुळे हे सेल जगभरात बंद झाले, आता मिळत नाहीत. दुकानात ६२५ मागितला की त्याच आकाराचा अल्कलाइन सेल देतात, तो १.५ व्होल्टचा. मापाने बसतो, काटाही हलतो, आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण व्होल्ट जास्त म्हणून काटा जास्त उजेड दाखवतो. मी मोबाईलमधल्या मीटरच्या अ‍ॅपशी ताडून बघितलं तर माझा कॅमेरा जवळपास अख्खा एक स्टॉप पुढे पळत होता, म्हणजे त्याच्या भरवशावर काढलेला प्रत्येक फोटो एक स्टॉप अंडर, म्हणजे उजेड कमी पडलेला. बरं, एवढंच असतं तर आयएसओ (फिल्म उजेडाला किती लवकर दाद देते त्याचा आकडा) निम्मा लावून भागवलं असतं, पण अल्कलाइन सेल जसजसा उतरतो तसा व्होल्टही उतरतो, त्यामुळे आजची चूक आणि पुढच्या महिन्याची चूक सारखी नसते. त्यापेक्षा मीटर बंद परवडला.

यावर तोडगा कानाच्या मशीनच्या दुकानात मिळाला. श्रवणयंत्रात झिंक-एअर सेल असतात, १.४ व्होल्टचे, आणि ते संपेपर्यंत व्होल्ट जवळजवळ तसाच धरून ठेवतात. त्यातला ६७५ नंबर घ्यायचा, सगळ्यात मोठा, त्याच्यावर निळी पट्टी असते. दुकानातल्या मॅडमनी विचारलं, "पेशंट कोण आहे?" मी म्हटलं कॅमेरा, तर आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. सहा सेलचं पाकीट २४० रुपयांना मिळालं. हा सेल घेराने लहान असतो, कॅमेऱ्याच्या खोबणीत हलतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून नळाचा रबरी वॉशर आणला आणि सेलभोवती कडं म्हणून बसवला, उंची किंचित कमी पडत होती तिथे अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी. निळी पट्टी काढल्यावर लगेच आत टाकायचा नाही, मिनिटभर उघडा ठेवायचा, कारण तो हवेवर चालतो, वरची बारीक छिद्रं बुजवायची नाहीत. आणि एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, महिना-दोन महिन्यांत तो संपणारच.

मीटर मार्गी लागला तर शटरने डोकं वर काढलं. मोबाईलमध्ये स्लो मोशन असतं ना, सेकंदाला २४० फ्रेमचं, त्याने शटर तपासता येतं. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं, खिडकीकडे तोंड करून ठेवायचा, मागून मोबाईल लावायचा आणि शटर मारायचं, मग व्हिडिओत किती फ्रेम भोक उघडं दिसतं ते मोजायचं. १/३० ला साधारण ८ फ्रेम, १/६० ला ४, एक सेकंदाला २४०. १/६० पेक्षा जलद वेग यात नीट मोजता येत नाहीत. माझ्याकडे ३० आणि ६० ठीक होते, पण १/४ च्या खाली सगळा आनंद, आणि एक सेकंदाला तर पाती उघडायची आणि तशीच बसून राहायची, मिटायचं नावच नाही. आतलं ग्रीस चाळीस वर्षांत घट्ट झालेलं असतं, त्याचा हा प्रकार. सेल्फ टायमरचा दांडा असतो त्याला मात्र हातही लावू नका, तो अडकला तर शटरच जाम होतं, हे मला मामांनी आधीच बजावलं होतं.

जानेवारीत मुंबईला काम होतं तेव्हा फोर्टात गेले. सीएसटीसमोरच्या गल्ल्यांमध्ये कॅमेऱ्यांची दुकानं आहेत आणि विचारत गेलं की दुरुस्तीवाले सापडतात. वरच्या मजल्यावर एका टेबलावर काम करणारे काका भेटले, डोळ्याला भिंग लावलेलं, टेबलावर कॅमेऱ्यांची आतडी पसरलेली. त्यांनी शटर कानाजवळ धरून एकदाच मारलं आणि म्हणाले, "खोलून साफ करायला लागेल. भिंगं ठीक आहेत, थोडी बुरशी आहे कडेला, तीपण पुसतो. पण मीटरची गॅरंटी मी देत नाही." २८०० रुपये सांगितले, १००० आगाऊ. पावतीवर 'जुना माल, गॅरंटी नाही' असा शिक्का होताच. तुम्ही देणार असाल तर पावतीवर कॅमेऱ्याचा आणि भिंगाचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, पण त्या टेबलावर असले दोन-तीन कॅमेरे एकावेळी खोललेले असतात. तीन आठवडे म्हणाले होते, मार्च उजाडला. मधे फोन केला की "पार्ट धुवून ठेवलेत, जोडायचेत" हे उत्तर. मी काही घाई केली नाही. कुरियरने मागवायचं सुचवलं होतं त्यांनी, पण मी स्वतः जाऊन आणला आणि तिथेच एक सेकंद लावून वाजवून बघितला. ते बारीक घर्रर्र करत एक सेकंदाने मिटणारं शटर ऐकायला जे वाटलं ते काय सांगू.

तोवर फिल्मची माहिती काढून झाली होती. कोडॅकची गोल्ड २०० ही रंगीत फिल्म २०२२ पासून १२० मध्येही मिळते, तिचा एक रोल मला ११५० ला पडला, आणि इलफोर्डची एचपी ५ प्लस, ब्लॅक अँड व्हाईट, ४०० आयएसओ, ९९० ला. धुणं आणि स्कॅन वेगळं, एका रोलला ६५० च्या आसपास. म्हणजे एका क्लिकला दीडशे रुपये. हा आकडा डोक्यात बसला की दोन गोष्टी होतात, एक तर हात थरथरतो, आणि दुसरं म्हणजे माणूस मीटरला देव मानायला लागतो. दुसरं जास्त वाईट.

फिल्म भरताना एक बघा, मागच्या दारातल्या प्लेटवर १२ आणि २४ अशी सोय असते. २४ हे २२० च्या फिल्मसाठी होतं, ती आता सहसा बाजारात दिसत नाही, त्यामुळे १२ वरच हवं. भरताना उन्हात उभं राहू नका, झाडाखाली किंवा स्वतःच्या सावलीत भरा. आणि आयएसओची तबकडी फिल्मप्रमाणे लावा, नाहीतर मीटर आपल्याच कुठल्यातरी जगात असतो.

एप्रिलच्या सुरुवातीला रंगीत रोल घेऊन वाईला गेले. मामांना वहीत लिहिलेले सगळे तक्ते दाखवले, तर त्यांनी वही बाजूला ठेवली आणि मला अंगणात उभं केलं. "सावली बघ आधी. कशी आहे?" म्हटलं काळीकुट्ट, कडा धारदार. "मग सोळा. कडा जरा मऊ झाली की अकरा. सावली पडतीय पण पुसट, तर आठ. सावलीच नाही, तर पाच पॉइंट सहा. मीटर नव्हता का बंद माझा कितीतरी वर्षं." शटर किती, विचारलं तर, "फिल्मचा जो नंबर त्याच्या जवळचा." म्हणजे १०० च्या फिल्मला १२५, २०० ला २५०, ४०० ला ५००. हाच तो जगभर प्रसिद्ध 'सनी सिक्स्टीन' चा नियम, मामांना ते नाव माहीतच नव्हतं. पूर्वी फिल्मच्या खोक्यातही सूर्य आणि ढगांची चित्रं काढलेला असा तक्ता छापून यायचा, आणि मला वाटतं मामांची सगळी विद्या तिथूनच सुरू झाली असणार, पुढचं हजारो लग्नांनी शिकवलं. मांडवात काय करायचात विचारलं, तर म्हणाले तिथे फ्लॅश, तिथे सावली आपली आपण पाडायची. या कॅमेऱ्याचं शटर भिंगात असल्यामुळे फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो, ५०० लाही, हे आजच्या बऱ्याच महागड्या कॅमेऱ्यांना जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीला गेलो. वाईपासून जवळच, कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यापुढे घाट, सगळा काळ्या पाषाणाचा. ऊन कडक, म्हणजे मामांच्या हिशोबाने २५० ला १६. मी कॅमेरा पायऱ्यांकडे धरला तर मीटर म्हणतो २५० ला ८ आणि ११ च्या मध्ये, दीड स्टॉपचा फरक. नुकताच सेल बदललेला, अ‍ॅपशी ताडलेला, तेव्हा मीटर खोटं बोलत नव्हता. प्रश्न असा की मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. तो समोरच्या कुठल्याही गोष्टीला मध्यम करडं समजतो आणि ती मध्यम करडी दिसेल असा आकडा सांगतो. ओल्या काळ्या पायऱ्या दाखवल्या तर म्हणतो अरे फार अंधार आहे, उघडा जरा. त्याचं ऐकलं तर काळा घाट सिमेंटचा दिसणार. हेच पांढऱ्या भिंतीला उलटं, तिथे तो अंडर करायला सांगतो आणि भिंत राखाडी येते.

मग मी मुद्दाम एकच फ्रेम तीन वेळा काढली, १६ ला, ११ ला आणि ८ ला, शटर तेच २५०. साडेचारशे रुपये एका फ्रेमवर गेले पण पूर्ण प्रवासात याच्याइतका वसूल झालेला खर्च दुसरा नाही. प्रत्येक फोटोचं वहीत लिहून ठेवलं: नंबर, शटर, अ‍ॅपर्चर, मीटर काय म्हणाला, ऊन कसं होतं. डिजिटलमध्ये हे सगळं फोटोतच नोंदलं जातं, इथे लिहिलं नाही तर संपलं.

रोल पुण्यातून एका लॅबला पाठवला. नाव घेत नाही. त्यांचा फॉर्म भरायचा असतो, त्यात फिल्मचा प्रकार, पुश-पुल (फिल्म मुद्दाम जास्त किंवा कमी वेळ धुणं) करायचंय का, स्कॅन लहान की मोठा, निगेटिव्ह परत हव्यात का असे रकाने. शेवटच्या रकान्यात 'हो' लिहायला विसरू नका, काही ठिकाणी ठरावीक दिवसांनी निगेटिव्ह टाकून देतात. आठ दिवस सांगितले होते, रोज "आज अपलोड होईल" असा मेसेज, करता करता मे महिना लागला. शेवटी स्कॅन आले, अधीरपणे उघडले, आणि घाटाचे तिन्ही फोटो सारखेच! १६, ११, ८, काही फरक नाही. तिन्हींत पायऱ्या सारख्याच काळपट, आकाश सारखंच.

आधी वाटलं शटर परत बिघडलं. मग निगेटिव्ह कुरियरने आल्या, १२० रुपये वेगळे, आणि मोबाईलवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर पट्टी धरली. तिथे तिन्ही फ्रेम ढळढळीत वेगळ्या (निगेटिव्हवर सगळं उलटं, जितका उजेड जास्त तितकं गडद). १६ ची फ्रेम पातळ, वाड्याच्या कमानीखालचा भाग जवळजवळ कोरी फिल्म, तिथे काही उमटलेलंच नाही. ११ ची भरीव, कमानीच्या आत दगडांचे सांधे दिसतायत आणि घाटावर वाळत टाकलेल्या पांढऱ्या धोतरातही घड्या शिल्लक आहेत. ८ ची अजून गडद, पण तीही वाया गेलेली नाही. म्हणजे झालं काय होतं, की लॅबचं स्कॅनर प्रत्येक फोटो आपल्या मनाने सरळ करतं. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून कुणीतरी वाढायच्या आधी गुपचूप पाणी घालावं तसं. चव बरी लागते, पण तुम्हाला मीठ किती टाकायचं ते कधीच कळत नाही.

त्यामुळे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे, की एक्स्पोजर शिकायचं असेल तर स्कॅन बघून शिकू नका, निगेटिव्ह बघा. सावलीच्या जागी फिल्म नुसती पारदर्शक असेल तर तिथे उजेड पोचलाच नाही आणि तो आता कुठल्याही सॉफ्टवेअरने आणता येणार नाही. निगेटिव्ह फिल्मला जास्तीचा उजेड बराच चालतो, एखाद-दोन स्टॉप ती सहज पोटात घालते, कमी मात्र चालत नाही. आपली मोबाईल आणि डिजिटलची सवय बरोब्बर उलटी आहे, तिथे उजळ भाग जळेल म्हणून आपण जपतो. इथे सावलीला जपायचं. आता शंका आली की मी एक स्टॉप उघडते आणि पुढे जाते. आणि लॅबच्या फॉर्मवर शेरा लिहिते, 'फ्रेम १ ते ३ एकाच सेटिंगवर स्कॅन करा, करेक्शन नको'. दुसऱ्या लॅबने तो शेरा वाचला आणि तसं केलंही.

ब्लॅक अँड व्हाईटचा रोल घेऊन मेच्या शेवटी कार्ल्याला गेले. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारनंतर मोठ्या कमानीतून ऊन आत येतं, म्हणून मुद्दाम दुपारी. एकवीरेला येणाऱ्यांची गर्दी असते, पायऱ्या चढून जीव जातो, पाणी सोबत ठेवा. तिकीट २५ रुपये. ट्रायपॉड नेऊ नका, पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते आणि ती आयत्या वेळी गेटवर मिळत नाही, आधी अर्ज करावा लागतो. नुसता कॅमेरा असेल तर कुणी अडवत नाही. सुरक्षारक्षकाने विचारलं हे काय आहे, त्याला वरून काचेत बघायला दिलं, तो खूश.

आत खांबांच्या रांगांमध्ये मीटरचा काटा हलतच नाही, इतका कमी उजेड. मोबाईलचं अ‍ॅप काढलं आणि स्तूपाच्या सावलीच्या बाजूला धरलं, ४०० आयएसओला ११ अ‍ॅपर्चरसाठी चार सेकंद आलं. इथे एक भानगड आहे, एक सेकंदाच्या वर गेलं की फिल्म आळशी होत जाते, उजेड दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट उमटत नाही. एचपी ५ साठी इलफोर्डने सूत्र दिलंय, मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात. चार सेकंदांचे सहा होतात, आठचे पंधरा. मी हे घरूनच वहीत लिहून नेलं होतं कारण गुहेत बसून घात कोण काढणार. सॅक फरशीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा, हा वरून बघायचा कॅमेरा असल्यामुळे जमिनीवर ठेवला तरी आपल्याला पालथं पडावं लागत नाही. बी लावलं, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार) दाबली, मोबाईलवर सहा सेकंद बघून सोडली. मधून माणसं चालत गेली ती फोटोत आलीच नाहीत, इतक्या वेळात चालता माणूस उमटत नाही. छताच्या लाकडी कमानी मात्र आल्या, त्या मूळच्याच आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या.

उरलेल्या फ्रेम पालख्या पुण्यात आल्या त्या दिवसासाठी ठेवल्या होत्या. आभाळ गच्च, सावलीचा पत्ता नाही. रस्ताभर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, आणि उन्हातान्हात चालून रापलेले चेहरे, म्हणजे मीटरला फसवायला याहून चांगली जागा नाही. गर्दीकडे धरला तर २५० ला ८ म्हणाला. तो पांढऱ्याला करडं करू बघतोय हे आता कळत होतं, आणि तसं केलं तर चेहरे काळे ठिक्कर येणार. अशा वेळी आपला तळहात कामाला येतो. समोरच्यावर जसा उजेड पडतोय तसाच तळहातावर पडू द्यायचा, आपली सावली त्यावर येऊ द्यायची नाही, आणि मीटर त्याच्यावर धरायचा. माणसाचा रंग कुठलाही असो, तळहात साधारण मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ असतो, म्हणून जो आकडा येईल त्याच्यापेक्षा एक स्टॉप उघडायचं. तळहातावर १२५ ला ८ आलं, मी १२५ ला ५.६ लावलं आणि उजेड बदलला नाही तोवर परत मीटरकडे बघितलंच नाही. खरं तर हीच सगळ्यात मोठी सोय आहे, एकदा ठरवलं की ठरवलं, मग पुढून पांढरं आलं काय आणि काळी छत्री आली काय, आकडे तेच. आजींचा एक गट थांबला, "काढ गं काढ" म्हणाल्या आणि लगेच "दाव बरं" म्हणून मागची बाजू बघायला आल्या, त्यांना कसं सांगणार की फोटो दोन आठवड्यांनी दिसेल.

तो फोटो आला. चेहऱ्यांच्या सुरकुत्या आहेत, पातळांचे काठ आहेत, कपाळावरचा बुक्का वेगळा दिसतो. निगेटिव्ह उजेडावर धरून बघितली, सावल्या भरलेल्या आहेत. मामांना पाठवला तर त्यांनी आकडे विचारले, मी सांगितले, म्हणाले, "बरोबरे, पाऊस असता तर चारला गेली असतीस."

दुरुस्ती, सेल, दोन रोल, धुणं, कुरियर मिळून सात हजारांच्या आतबाहेर गेले, प्रवास सोडून. काहीजण विचारतात की शटर अडकत असेल तर कॅमेरा उन्हात तापवून मोकळा करू का, तर नका करू, ग्रीस पातळ होऊन पात्यांवर पसरतं आणि काम वाढतं. मीटर बंद असेल तर त्याच्यासाठी थांबूही नका, सावली आणि तळहात यावर रोल निघतो. माझा सेल पालखीनंतर पंधरवड्यात गेला, दमट हवेत हे सेल लवकर मान टाकतात. पाकिटात अजून आहेत, निळी पट्टी न काढता ठेवले की दोन-तीन वर्षं काही होत नाही, दुकानातून घेताना फक्त मागची तारीख बघून घ्या.